जुनी मोटरबोट, पण इंजिन बदललेलं : स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायची का?

"मालक, बॉडी थोडी जुनी हाय, पण इंजिन मागच्याच साली बदललंय. एकदम टकाटक. डोळे झाकून घ्या."

जुनी जीप किंवा जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण हेच वाक्य मोटरबोटीबद्दल ऐकायला मिळालं तर?

मराठवाडा आणि मोटरबोट ही जोडी ऐकून आधी हसूच येईल. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बोटीचं काय काम?

काम आहे. नांदेड शहराला लागूनच गोदावरीवर विष्णुपुरीचा शंकर सागर जलाशय आहे. लोहा तालुक्यात लिंबोटी, कंधार तालुक्यात बारूळचं मानार धरण, पैनगंगेवर इसापूर, धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा. लातूरकरांचं मांजरा धरण शेजारच्या बीड जिल्ह्यात धनेगावला, तर निम्न तेरणा धाराशिवच्या माकणीला. या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्था काम करतात. कुणाला पर्यटकांसाठी बोटिंग सुरू करायचं असतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्यात गेली, तेव्हा आपल्या भागात एक तरी चांगली बोट हवी हे अनेकांना नव्याने जाणवलं.

नवीन बोट आणि नवीन इंजिन म्हटलं की आकडा खिशाबाहेर जातो. मग नजर वळते कोकणातून, गोव्यातून किंवा एखाद्या बंद पडलेल्या बोट क्लबमधून येणाऱ्या जुन्या बोटीकडे. त्यातही "इंजिन बदललंय" असं कळलं की घेणारा निम्मा विरघळतो.

तिथेच थांबायला हवं. कारण बदललेलं इंजिन ही जमेची बाजू असू शकते, तशीच ती धोक्याची खूणही असू शकते. हे ओळखायचं कसं, तेच आता समजून घेऊ.

बोट आणि गाडी यात फरक काय?

रस्त्यावर गाडीचं इंजिन बंद पडलं की गाडी बाजूला घ्यायची, मिस्त्रीला फोन करायचा आणि टपरीवर चहा प्यायचा. फार तर दिवस वाया जातो.

पाण्यावर इंजिन बंद पडलं तर बोट वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या ताब्यात जाते. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडलेले असताना वरच्या बाजूला बंद पडलेली बोट कुठे ओढली जाईल हे सांगायची गरज नाही.

पण दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इंजिन बंद पडलं तर बोट थांबते, बॉडी फुटली तर बोट बुडते. वल्ही, नांगर, दोरी आणि अंगात लाइफ जॅकेट असेल तर बंद इंजिनातून माणूस वाचू शकतो. मागची भिंत इंजिनासकट निखळून पाणी आत आलं, तर विचार करायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून बोट तपासायचा क्रम गाडीच्या उलटा असतो. आधी बॉडी, मग बॉडी आणि इंजिनाचा मेळ, त्यानंतर इंजिन आणि शेवटी कागद. विकणारा मात्र सगळ्यात आधी इंजिनच चालू करून दाखवतो.

पहिला प्रश्न : इंजिन का बदललं?

"कधी बदललं" हे सगळे विचारतात. "का बदललं" हे फार कमी जण विचारतात.

बोटीचं इंजिन बदलायची कारणं साधारण चार-पाचच असतात. इंजिनाचं आयुष्य संपलं, हे सगळ्यात साधं कारण. दुसरं म्हणजे इंजिन गरम होऊन जाम झालं, म्हणजे थंड पाण्याची लाइन तुंबली होती किंवा देखभालच नव्हती. तिसरं, बोट बुडाली होती आणि इंजिनात पाणी गेलं. चौथं, जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले. आणि पाचवं, जास्त स्पीड हवा म्हणून मोठं इंजिन बसवलं.

पहिल्या आणि चौथ्या कारणात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात मालकाची सवय कळते. ज्याने एक इंजिन जाळलं, त्याने दुसऱ्याची काळजी घेतली असेल का? तिसरं कारण असेल तर बॉडी, वायरिंग आणि बसण्याच्या फळ्यांखालचा फोम, सगळंच संशयात येतं. पाचव्या कारणात तर बोटच धोक्याची असू शकते.

आता "बदललं" या शब्दाचेही बरेच अर्थ होतात. कधी कंपनीचं नवं कोरं इंजिन असतं. कधी दुसऱ्या बोटीवरून काढलेलं जुनं इंजिन असतं. कधी फक्त पिस्टन, रिंग टाकून, बोअर करून रंग मारलेला असतो. आणि कधी शेतातल्या पंपाचं किंवा जुन्या गाडीचं इंजिन जुगाड करून बसवलेलं असतं. चौघांची किंमत सारखी नसते. त्यामुळे बिल बघितल्याशिवाय "बदललेलं" या शब्दाला एक रुपयाही जास्त द्यायचा नसतो.

बॉडी : हातोडी घ्या आणि ठोका

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक छोट्या मोटरबोटी फायबरच्या असतात. फायबर सडत नाही हे खरं. पण फायबरच्या आत, विशेषतः मागच्या भिंतीत आणि तळाच्या फळीत, बऱ्याचदा प्लायवूड असतं. ते सडतं.

बोटीची ही मागची उभी भिंत, जिच्यावर बाहेरचं इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचं सगळं वजन आणि त्याचा सगळा रेटा हिच्यावर येतो. जुन्या बोटीत सगळ्यात आधी मार खाते ती हीच. इंजिन बसवताना पाडलेल्या बोल्टच्या भोकांतून थेंब थेंब पाणी आत जातं, आतलं लाकूड काळं पडून भुसा होतं आणि बाहेरून मात्र फायबर चकचकीत दिसतं.

ते ओळखायच्या युक्त्या साध्या आहेत. छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सडलेल्या जागी बद्द. आपण मडकं किंवा कलिंगड वाजवून घेतो, तसंच हे.

मग इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या पायाला हाताने जोर द्या आणि ट्रान्समकडे बघा. भिंत हलली, वाकली किंवा कोपऱ्यातल्या भेगा उघडल्या, तर तिथेच समजून जा. इंजिनाच्या बोल्टभोवती तपकिरी पाण्याचे ओघळ असतील, तर ते आतून सडल्याचं लक्षण. मालकाची हरकत नसेल तर ट्रान्समवरचा एखादा छोटा स्क्रू काढून बघा. स्क्रूला ओलं, काळं लाकूड लागून आलं तर उत्तर मिळालं.

तळावर उड्या मारू नका, पण पाय दाबत चालून बघा. कुठे गादीसारखं मऊ लागतंय का? बसण्याच्या फळ्यांखालचा तरंगणारा फोम पाणी शोषून जड झालेला असू शकतो. तशी बोट पाण्यात सोडली की रिकामी असतानाही खोल बसते.

लातूर-नांदेडच्या बोटींची अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथल्या धरणांत पाणी दरवर्षी सारखं नसतं. दुष्काळाच्या वर्षांत बोटी काठावर उन्हात पडून राहतात. मराठवाड्याच्या उन्हात वरचा थर तडकतो, पुढच्या पावसाचं पाणी बोटीत साचतं आणि भेगांतून आत मुरतं. त्यामुळे "दोन वर्षं वापरलीच नाही" ही बोटीच्या बाबतीत तारीफ नाही. कुठे ठेवली होती, छपराखाली की उघड्यावर, पालथी की उताणी, हे विचारायचं.

मेळ : बैल मोठा, गाडी लहान

बॉडी पास झाली तरी ती बॉडी आणि ते इंजिन एकमेकांसाठी आहेत का, हे बघावं लागतं. छकड्याला मोठी बैलजोडी जुंपली म्हणून गाडी चांगली पळत नाही, कणा मोडतो. बोटीचंही तसंच.

प्रत्येक बॉडी बनवणाऱ्याने जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर आणि किती माणसं हे ठरवलेलं असतं. चांगल्या बोटीवर तशी पाटी असते. पाटी नसेल तर बनवणाऱ्याचं नाव शोधून विचारायचं. त्या आकड्यापेक्षा मोठं इंजिन बसवलेलं असेल, तर बोट मागून दबते, वळताना पलटी खाऊ शकते आणि ट्रान्सम वेळेआधी जातो.

इथे एक छुपी भानगड आहे. हॉर्सपॉवर तेवढीच राहिली तरी वजन बदलू शकतं. जुन्या बोटींवर टू-स्ट्रोक इंजिनं असायची. आता त्यांच्या जागी फोर-स्ट्रोक येतात. ती पेट्रोल कमी खातात, धूर कमी करतात आणि आवाजही कमी. पण ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ७०-७५ किलोचं असेल, तर तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक १०० किलोच्या आसपास जातं. म्हणजे बोटीच्या शेवटच्या टोकावर कायमचा एक शाळकरी मुलगा बसवल्यासारखं. मागच्या भिंतीची उंची कमी असेल, तर बोट थांबवताना मागून येणारी लाट थेट आत शिरते.

म्हणून बोट पाण्यात उभी करून बाजूने बघा. मागचा भाग किती दबलाय? पाणी काढायचं भोक पाण्याच्या वर आहे की खाली? मागे दोन माणसं उभी केल्यावर पाणी काठाच्या किती जवळ येतं?

इंजिनाच्या पायाची लांबीही बघायची. बाहेरची इंजिनं साधारण १५, २० आणि २५ इंची ट्रान्समसाठी येतात. लांब पायाचं इंजिन बुटक्या भिंतीवर बसवलं तर पंखा उगाच खोल जातो आणि काठावर गाळात, दगडावर आपटतो. आखूड पायाचं उंच भिंतीवर बसवलं तर पंखा हवा खातो. इंजिन ओरडतं, बोट हलत नाही.

गाडीचं किंवा पंपाचं इंजिन बोटीच्या आत बसवलेलं असेल तर जास्तच सावध राहायला हवं. रस्त्यावर पेट्रोलची वाफ उडून जाते. बोटीच्या बंद पोटात ती खाली साचते, कारण ती हवेपेक्षा जड असते. बोटीसाठी बनवलेले स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू देत नाहीत, गाडीचे तसे नसतात. अशा बोटीत माणसं बसवणं म्हणजे सिलिंडर गळत असताना काडी ओढणं. पेट्रोलवरचा असा जुगाड दिसला तर भाव करायच्या फंदात पडायचंच नाही.

आता इंजिन

पहिली गोष्ट म्हणजे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका." गेल्यावर झाकण काढून हात लावा. इंजिन कोमट लागलं तर ते आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती झटक्यांत चालू होतं, यावरच निम्मं कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरड्यावर चालू करून दाखवायला लागला तर थांबवा. बाहेरचं इंजिन धरणाचंच पाणी ओढून थंड होतं. पाणी ओढणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला की थोड्याच वेळात खराब होतो. एकतर बोट पाण्यात उतरवून बघायची किंवा पाइप जोडून पाणी देऊन. इंजिन चालू झाल्यावर मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडायला हवी. धार नाही किंवा थांबून थांबून येतेय, तर आतली लाइन तुंबलेली आहे.

मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन आतून एका बाजूने थकलंय.

खालच्या पायातलं गिअर ऑइल थोडं काढून बघा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि पाणी आत शिरलंय. त्यात चमकणारे धातूचे कण असतील तर गिअर खाल्ले जातायत. पंख्याच्या दांड्याभोवती जुन्या जाळ्याचा दोरा गुंडाळलेला आहे का, तेही बघा. मासेमारीच्या बोटीत हा दोराच सील कापतो.

बोट कोकणातून आली असेल तर खारं पाणी हा वेगळा विषय. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, बोल्ट गंजून एकजीव झालेले, रंगाला फोड आलेले. बाहेरून हे दिसतं, पण मीठ आतल्या पाण्याच्या वाटाही खातं. गोड्या पाण्यातच राहिलेलं इंजिन याबाबतीत सरस.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या दुचाकीला फारसा फरक पडत नाही. पण बोट महिनोन् महिने उभी असते आणि ओल्या हवेत असते. टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं आणि पुढच्या हंगामात तेच इंजिनात जातं. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे गॅस्केटही त्याने फुगतात, चिरतात. त्यामुळे जुन्या बोटीच्या पेट्रोलच्या नळ्या बदलायच्याच, असं धरून चाला.

पाण्यावरची चाचणी टाळू नका

काठावर चांगली वाटलेली बोट पाण्यात वेगळी वागते. पण चाचणीही जपून करायची असते.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली. डझनाहून जास्त लोकांचा जीव गेला. इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड झाला आणि नियंत्रण सुटलं, असं नौदलाने तेव्हा सांगितलं होतं. प्रशिक्षित लोकांच्या हातात असं होऊ शकतं, तर आपल्या धरणावरच्या हौशी चाचणीचं काय?

म्हणून चाचणी गर्दीपासून, पोहणाऱ्यांपासून आणि मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांपासून लांब करायची. धरणाचे दरवाजे उघडे असताना अजिबात नाही. बोटीत गरजेपुरती माणसं ठेवायची आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. चालवणाऱ्याच्या हाताला किल स्विचची दोरी बांधलेली हवी. माणूस पडला तर इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. ही दोरीच गायब असेल तर मालकाला सुरक्षेची किती फिकीर होती, तेही कळतं.

प्रवाशांचं वजन दाखवायला वाळूची पोती ठेवा. एका माणसामागे साधारण ७५ किलो धरायचं. मग पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिनाचे फेरे किती जातात ते बघा. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांना मिनिटाला ५,००० ते ६,००० च्या दरम्यान फेरे हवे असतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. फेरे त्याहून कमी राहिले तर बोट इंजिनाला जड होतेय किंवा पंखा चुकीचा आहे. फारच वर गेले तर पंखा लहान आहे किंवा घसरतोय.

अर्धा-पाऊण तास चालवून काठावर या आणि तीन जागा परत बघा. बोटीच्या पोटात पाणी साचलंय का, ट्रान्समच्या भेगा वाढल्या का आणि गरम इंजिन बंद करून पुन्हा लगेच चालू होतंय का.

कागद : इथेच खरी मेख

यांत्रिक बोट पाण्यात उतरवली म्हणजे झालं, असं नाही. १९१७ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आलाय. इंजिनवर चालणाऱ्या बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टी त्यात येतात. महाराष्ट्रात बोटींच्या नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. धरण मात्र जलसंपदा विभागाचं असतं, म्हणून त्या पाण्यात बोट चालवायला त्यांची परवानगी लागते. मासेमारी करायची असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग आणि तलावाचा ठेका असलेली संस्था यांचाही संबंध येतो. आपला वापर कोणता, यावर कागद ठरतात. बयाणा देण्याआधीच या कार्यालयांत चौकशी केलेली बरी.

बदललेल्या इंजिनाची भानगड इथे येते. नोंदणीच्या कागदावर जुन्या इंजिनाचा नंबर आणि हॉर्सपॉवर असेल आणि बोटीवर दुसरंच इंजिन असेल, तर कागदावरची बोट आणि पाण्यावरची बोट या दोन वेगळ्या झाल्या. असा बदल नोंदवून घ्यावा लागतो. तो नोंदवला नसेल तर विमा कंपनी दावा अडवायला मोकळी. प्रवासी बसवले आणि काही घडलं, तर पहिला प्रश्न मालकालाच विचारला जाणार.

म्हणून इंजिनावरचा नंबर स्वतः वाचा, फोटो काढा आणि बिलाशी, नोंदणीशी जुळवा. नंबरची पट्टी घासलेली, उपटलेली असेल तर ते इंजिन चोरीचं असू शकतं. तिथे भाव कमी करून घेण्यात अर्थ नाही, निघून यायचं.

नांदेडमध्ये आणखी एक चौकशी करायची. गोदावरीत अवैध वाळू उपशासाठी बोटी, तराफे आणि इंजिनं वापरली जातात. महसूल विभाग ती जप्त करतो, नष्टही करतो. इंजिनाचा जुगाड केलेली एखादी स्वस्त लोखंडी बोट विकायला आली, तर ती आधी कोणत्या कामात होती हे गावात विचारून घ्या. तिच्यावर गुन्हा, दंड किंवा जप्ती बाकी असेल तर स्वस्तातली बोट महागात जाते.

हिशोब : पाणी किती दिवस?

आता पैशाचं गणित. आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ.

समजा बोट आणि इंजिन मिळून २,२०,००० ला ठरलं. ट्रान्समची दुरुस्ती ३५,०००. वाहतूक १५,०००. नळ्या, इंपेलर, बॅटरी आणि सर्व्हिसिंग २०,०००. लाइफ जॅकेट, दोऱ्या, नांगर, अग्निशामक १५,०००. कागद आणि विमा १५,०००. झाले ३,२०,०००. म्हणजे "सव्वादोनची बोट" पाण्यात उतरेपर्यंत तीन लाखांच्या पुढे गेली.

आता पेट्रोल आणि मजुरी जाऊन दिवसाला ८०० रुपये सुटतात असं धरू. पैसे वसूल व्हायला ४०० दिवस लागतील. वर्षाला १२० दिवस बोट चालली तर सव्वातीन वर्षांहून थोडं जास्त. पाऊस कमी झाला आणि ६० च दिवस चालली, तर साडेसहा वर्षांच्या पुढे.

कोकणात हा प्रश्न येत नाही, समुद्र आटत नाही. आपल्याकडे येतो. बाभळी बंधाऱ्याचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे तिथे साठलेल्या पाण्याचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो. मांजरा कोरडं पडलेलं लातूरकरांनी बघितलंय. त्यामुळे आपल्या जलाशयात गेल्या पाच-सात वर्षांत बोट चालण्याइतकं पाणी किती महिने होतं, हे काठावरच्या जुन्या मच्छीमारांना विचारा. या उत्तरावर बोटीचा भाव ठरवा.

सुट्या भागांचंही तेच. नांदेड-लातूरला ट्रॅक्टरचा मिस्त्री गल्लोगल्ली मिळेल, आउटबोर्डचा मिळणार नाही. एका इंपेलरसाठी मुंबई-गोव्याकडे डोळे लावून बसलो तर हंगाम निघून जातो. ज्या कंपनीचे भाग सहज मिळतात, तेच इंजिन बरं. कमी प्रसिद्ध कंपनीचं किंवा बाहेरून आणलेलं जुनं इंजिन कितीही टकाटक असलं, तरी आधी त्याचे भाग कुठे मिळतात ते बघायचं.

मग घ्यायची की नाही?

बॉडी ठणठणीत आहे, ट्रान्सम टणक वाजतोय, इंजिन बॉडीच्या मापाचं आहे, बिल आणि नंबर जुळतायत, बदल नोंदवलेला आहे आणि वजनासकट चाचणी पार पडली. अशी बोट पंधरा-वीस वर्षांची असली तरी बिनधास्त विचार करण्यासारखी आहे. खरं बदललेलं, बिलासकट इंजिन इथे नक्कीच जमेची बाजू.

बॉडी चांगली आहे पण इंजिन संशयास्पद आहे, तर बॉडीचाच भाव द्यायचा. इंजिन शून्य रुपयांचं धरून बघा. तेवढ्यात परवडत असेल तर घ्या, कारण इंजिन पुढे पुन्हा बदलता येतं.

इंजिन झकास आहे पण बॉडी सडलेली आहे, तर उलटं करा. इंजिन तेवढं विकत मागा आणि बॉडी तिथेच सोडा. विकणारा "दोन्ही मिळूनच देणार" म्हणाला, तर दोन्ही त्यालाच लखलाभ.

दोन्ही बरे आहेत पण एकमेकांना शोभत नाहीत, म्हणजे इंजिन मोठं किंवा जड आहे, तर प्रवाशांसाठी ती बोट नको. आणि कागदच नसतील, तर कोणत्याच कामासाठी नको.

घेतल्यानंतरची गोष्टही तितकीच मोठी आहे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या पाण्यात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. जीव गेले ते जास्तीच्या वजनाने आणि वाऱ्याने. नवं इंजिन यातलं काहीच थांबवू शकत नाही.

तेव्हा विकणारा इंजिनाचं झाकण उघडून "बघा मालक, कसं चकाचक" म्हणत असेल, तेव्हा बोटीच्या मागच्या बाजूला जा, खिशातली हातोडी काढा आणि ट्रान्सम वाजवून बघा.

तुमच्या ओळखीत कुणी जुनी बोट घ्यायच्या विचारात असेल, तर बयाणा देण्याआधी त्याला हे नक्की पाठवा.